दोन खोल्यांच्या घरात नॅरोगेजचे स्थानक: मॉडेल रेल्वेची पहिली पायरी चढणाऱ्यांसाठी

मॉडेल रेल्वेचा लेआउट म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एक स्वतंत्र खोली, मधोमध मोठे टेबल आणि त्यावर गोल फिरणाऱ्या लांबलचक गाड्या असेच चित्र येते, आणि नागपुरात मनीषनगर किंवा त्रिमूर्तीनगरमधल्या फ्लॅटमध्ये तेवढी जागा निघणार नाही हे लक्षात आले की अनेक जण हा छंद मनातच ठेवतात. प्रत्यक्षात १५० सेंटीमीटर लांब आणि ३५ सेंटीमीटर रुंद अशी एक फळी भिंतीलगत बसत असेल, तर तिच्यावर वर्षानुवर्षे रमता येईल असे स्थानक उभे राहू शकते. त्यासाठी एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच ठरवावी लागते. जागा लहान असेल तर गाडीचे प्रमाण लहान करण्याआधी विषय लहान करावा.

असे म्हणण्यामागे साधा हिशेब आहे. राजधानी किंवा दुरांतोला जोडल्या जाणाऱ्या एलएचबी डब्याची लांबी सुमारे २३.५ मीटर असते. जगभर सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या एचओ प्रमाणात, म्हणजे १:८७ मध्ये, तो डबा २७ सेंटीमीटरचा होतो आणि २२ डब्यांची गाडी इंजिनासह ६ मीटरच्या पुढे जाते. त्याहून लहान अशा एन प्रमाणात, म्हणजे १:१६० मध्ये, तीच गाडी सुमारे ३.४ मीटर भरते. प्रमाण लहान करूनही ती आपल्या फळीवर मावत नाही आणि तपशील मात्र इतके बारीक होतात की नवख्या हाताला ते रंगवणे जड जाते. याउलट तीन-चार डब्यांची छोटी गाडी, एक कौलारू स्थानक, मालधक्का आणि दोन फाटे एवढाच विषय घेतला, तर मोठ्या प्रमाणातही तो सहज बसतो.

नागपूरकराला असा विषय शोधायला दूर जावे लागत नाही. बंगाल नागपूर रेल्वेच्या काळात सातपुड्याच्या परिसरात २ फूट ६ इंच, म्हणजे ७६२ मिलिमीटर रुंदीच्या नॅरोगेज मार्गांचे जाळे उभे राहिले. इतवारीहून छिंदवाड्याकडे जाणारी छोटी गाडी २०१५ मध्ये आणि उमरेडमार्गे नागभीडला जाणारी गाडी २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली. त्या गाडीने प्रवास केलेले लोक आजही घरोघरी आहेत, आणि मोतीबागेतील नॅरोगेज रेल्वे संग्रहालयात त्या काळची इंजिने व डबे जवळून पाहता येतात. नागपूरचे डायमंड क्रॉसिंग, म्हणजे रेल्वेमार्ग एकमेकांना छेदतात ती जागा, किंवा १९२५ मध्ये सुरू झालेली नागपूर स्थानकाची दगडी इमारत हे विषयही मोहात पाडणारे आहेत, पण ते पहिल्या लेआउटसाठी घेऊ नयेत.

प्रमाण कोणते घ्यावे

नॅरोगेज निवडण्याला मापांचाही मोठा आधार आहे. आपल्या ब्रॉडगेजची रुंदी १६७६ मिलिमीटर आहे. १:८७ ने ती १९.३ मिलिमीटर व्हायला हवी, परंतु बाजारात मिळणारा एचओचा रूळ १६.५ मिलिमीटरचा असतो, म्हणून भारतीय ब्रॉडगेजची मॉडेल्स जवळपास नेहमीच थोड्या अरुंद रुळांवर उभी असतात. ७६२ मिलिमीटरचे नॅरोगेज १:८७ ने ८.७६ मिलिमीटर होते, आणि एन प्रमाणाचा तयार रूळ ९ मिलिमीटरचा असतो. फरक पाव मिलिमीटरचा, तो डोळ्यांना जाणवत नाही. १:८७ च्या डब्यांना ९ मिलिमीटरच्या रुळावर चालवण्याच्या या पद्धतीला युरोपात एचओई आणि अमेरिकेत एचओएन३० म्हणतात, त्यामुळे सामान शोधताना ही दोन्ही नावे लक्षात ठेवावीत.

सातपुड्याच्या गाड्यांची तयार मॉडेल्स दुकानात मिळतील अशी अपेक्षा ठेवू नये. चालते यंत्र विकत घ्यावे आणि त्यावरचा सांगाडा आपण घरी करावा, हा मार्ग सर्वांत सोपा आहे. काटो आणि टोमिटेक या जपानी कंपन्यांच्या ९ मिलिमीटर रुळांवर चालणाऱ्या छोट्या मोटरसज्ज चेसिस मिळतात. सुरुवातीला एकच घ्यावी, पण चांगली घ्यावी, कारण अडखळत चालणारे इंजिन नवख्याचा उत्साह जेवढ्या लवकर संपवते तेवढे दुसरे काहीही संपवत नाही. मालडब्यांसाठी एन प्रमाणाच्या साध्या वाघिणींच्या चेसिस पुरतात.

संग्रहालयात जाताना सोबत मोजपट्टी आणि वही न्यावी. तेथील कर्मचाऱ्यांना विचारून डब्याची लांबी, रुंदी, रुळापासून छतापर्यंतची उंची, दारे-खिडक्यांची मापे घ्यावीत आणि डब्याच्या अगदी समोर उभे राहून छायाचित्रे काढावीत. तिरप्या छायाचित्रावरून माप काढता येत नाही. एचओमध्ये प्रत्यक्षातला एक मीटर ११.५ मिलिमीटर आणि एक फूट ३.५ मिलिमीटर होतो. जुन्या गाड्या फूट-इंचांच्या हिशेबाने बांधलेल्या असल्याने दुसरे माप अधिक सोयीचे पडते. १७० सेंटीमीटर उंचीचा माणूस या प्रमाणात साडेएकोणीस मिलिमीटरचा भरतो, आणि असा एक कागदी माणूस कापून कामाच्या टेबलावर सतत ठेवला की दार, फलाट, झाड यांची उंची चुकत नाही.

घरातील भिंत निवडताना

नागपुरात जागा ठरवताना लांबी-रुंदीपेक्षा हवेचा विचार आधी करावा. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, डिसेंबरच्या रात्री तो १० अंशांच्या आसपास उतरतो, आणि मार्चपासून पाऊस पडेपर्यंत घरात कूलर चालतो. कूलर हवा थंड करतो तो तिच्यात पाणी मिसळूनच. म्हणजे लाकूड दिवसा भट्टीसारख्या कोरड्या हवेत आणि संध्याकाळी ओलसर झोतात, असे महिनोन्‌महिने हेलकावे खाते. यासाठी कूलरच्या खिडकीसमोरची भिंत टाळावी, तशीच दुपारनंतर तापणारी पश्चिमेची भिंतही टाळावी. वरच्या मजल्यावर छत तापत असेल तर सज्जा किंवा माळा मुळीच निवडू नये. थ्रीडी छपाईत वापरले जाणारे पीएलए प्लास्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडते, आणि टिनाच्या पत्र्याखाली किंवा थेट उन्हात त्यापासून केलेले भाग वाकण्याचा धोका असतो.

उंचीच्या बाबतीत माझे मत ठाम आहे. फळी जमिनीपासून ११० ते १२० सेंटीमीटरवर असावी. टेबलाच्या उंचीवर ठेवलेला लेआउट आपण वरून पाहतो आणि तो खेळणे वाटतो. तोच डोळ्यांच्या जवळ आला की फलाटावर उभे राहून गाडी पाहिल्याचा भास होतो. या उंचीवर मुलांचे अभ्यासाचे टेबल किंवा दिवाण खाली राहू शकतो, त्यामुळे घरातील जागाही अडत नाही. भिंत स्वतःची असेल तर मजबूत लोखंडी ब्रॅकेट प्लग मारून बसवावेत. भाड्याच्या घरात छिद्रे पाडण्याऐवजी पुस्तकांच्या रॅकवर फळी ठेवावी आणि ती दोन माणसांना उचलता येईल इतकी हलकी बनवावी.

आराखडा

कमी जागेसाठी ब्रिटनमधील अॅलन राइट यांनी रचलेला इंगलनूक हा आराखडा मी नवोदितांना निःशंकपणे सुचवतो. त्याला फक्त दोन पॉइंट, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे जोड, लागतात आणि तीन फाटे तयार होतात. एका फाट्यावर पाच डबे, उरलेल्या दोहोंवर प्रत्येकी तीन डबे मावतात, आणि पॉइंटांच्या अलीकडच्या तुकड्यात इंजिन अधिक तीन डबे उभे राहतात. आठ डबे रुळांवर ठेवायचे, त्यांच्यापैकी पाच डबे चिठ्ठ्या टाकून निवडायचे आणि ज्या क्रमाने चिठ्ठ्या निघाल्या त्याच क्रमाने गाडी लावायची. असे एकूण ६७२० क्रम होऊ शकतात, म्हणून गाडी दीड मीटरच्या पलीकडे कधीच गेली नाही तरी शंटिंगचे, म्हणजे डबे पुढे-मागे करून लावण्याचे, काम संपत नाही.

आपल्या फळीवर हे कसे बसते ते पाहू. जोडणीसह एक डबा ८ सेंटीमीटरचा आणि इंजिन ९ सेंटीमीटरचे धरले, तर अलीकडचा तुकडा ३३ सेंटीमीटर, पॉइंट सुमारे १२.५ सेंटीमीटर आणि सर्वांत लांब फाटा ४० सेंटीमीटर होतो. शेजारच्या रुळावरील डब्याला धक्का लागू नये म्हणून पॉइंटनंतर सुमारे १० सेंटीमीटर मोकळे सोडावे लागतात. सगळे मिळून एक मीटरच्या आत येते. उरलेले ५० सेंटीमीटर रूळ वाढवण्यासाठी वापरू नयेत, असे मी आग्रहाने सांगेन. आपल्याकडच्या छोट्या स्थानकांत रुळांपेक्षा मोकळी जमीन जास्त असते, आणि ती मोकळीक दाखवली नाही तर लेआउट गुदमरलेला दिसतो. लांब फाटा फलाटालगत ठेवावा, मधला मालधक्क्याकडे न्यावा आणि मागचा गवतात हरवू द्यावा. रूळ फळीच्या कडेला समांतर न ठेवता किंचित तिरपे टाकले की दृश्य पुष्कळ खुलते. चढ-उतार मात्र टाळावेत. साधारणपणे २ टक्के, म्हणजे मीटरला २ सेंटीमीटर, हा छोट्या इंजिनाला सोसणारा चढ असतो, आणि एवढ्या लांबीत त्यातून काहीच साधत नाही.

हा आराखडा एक्सट्रॅककॅड किंवा स्कार्मसारख्या संगणकीय प्रणालीवर काढता येतो, तरीही शेवटी तो चार्ट पेपर जोडून पूर्ण आकारात जमिनीवर मांडावाच. रूळ बनवणाऱ्या कंपन्या पॉइंटांचे मूळ आकाराचे कागदी नमुने उपलब्ध करून देतात. ते छापून चिकटवावेत, इमारतींच्या जागी रिकामी खोकी ठेवावीत आणि डबे हाताने ढकलून पाहावेत. कागदावर बदल फुकट होतो.

फळी

लकडगंजमध्ये प्लायवूड आणि कापीव लाकूड दोन्ही मिळते. वरच्या पृष्ठभागासाठी ९ मिलिमीटर जाडीचे, पाण्याला टिकणारे बीडब्ल्यूआर दर्जाचे किंवा मरीन प्लाय घ्यावे, आणि खाली ५० मिलिमीटर उंचीच्या वाळलेल्या लाकडाची चौकट व दर ३० सेंटीमीटरवर आडवी पट्टी असावी. एमडीएफ घेऊ नये. तो जड असतो आणि ओल धरून फुगतो. ओले लाकूड तर अजिबात घेऊ नये, कारण ते पुढच्या उन्हाळ्यात आक्रसते आणि वरचे रूळ वाकवते. चौकट तयार झाली की प्लायच्या दोन्ही बाजू आणि चारही कडा रंगवाव्यात. एकाच बाजूला रंग दिला तर दुसरी बाजू ओल शोषत राहते आणि फळी धनुष्याकार होते. नागपुरात या कामात केलेली कंजुषी हमखास महागात पडते.

जमिनीला उंच-सखलपणा हवा असेल तर प्लायवर दाट, रंगीत एक्सपीएस फोमचा २५ मिलिमीटरचा थर द्यावा. पांढरा थर्मोकोल भुरभुरतो. दोन्हींना फेविकॉलसारखा पाण्यात मिसळणारा गोंदच वापरावा, कारण रबरी चिकटद्रव्यातील द्रावक फोमला वितळवतात.

रूळ अंथरणे

नॅरोगेजसाठी बनवलेले रूळ मिळाले तर तेच घ्यावेत. एन प्रमाणाच्या साध्या रुळांत स्लीपर बारीक आणि दाट असतात, तर पेकोच्या ओओ-९ रुळांत ते मोठे व विरळ असतात आणि १:८७ ला शोभतात. पॉइंट घेताना दोन रूळ एकमेकांना छेदतात तो मधला भाग (फ्रॉग) विजेला जोडता येईल असाच घ्यावा. छोट्या इंजिनाची चाके जवळजवळ असतात, आणि तो भाग प्लास्टिकचा असेल तर इंजिन नेमके पॉइंटवर उभे राहते.

रुळांखाली ३ मिलिमीटर जाडीची कॉर्कपट्टी फेविकॉलने चिकटवावी, मधली रेषा आखावी आणि टाचण्या टोचून रूळ त्यावर बसवावेत. आता तापमानाचा प्रश्न येतो. रुळांच्या निकेल सिल्व्हर या मिश्रधातूचा एक मीटर तुकडा दर अंशाला सुमारे ०.०१७ मिलिमीटर वाढतो. ९१४ मिलिमीटरचा लवचिक रूळ थंडीत टाकला आणि घरातले तापमान उन्हाळ्यात २५ अंशांनी वाढले, तर तो जवळजवळ ०.४ मिलिमीटर वाढेल. हा आकडा ऐकायला क्षुल्लक वाटतो, पण सांध्यात जागा नसेल तर रूळ बाजूला फुगतो आणि डबे घसरू लागतात. म्हणून डिसेंबर-जानेवारीत काम करत असाल तर प्रत्येक सांध्यात एका व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीची फट ठेवावी, आणि नवतप्याच्या दिवसांत करत असाल तर रूळ एकमेकांना भिडवून टाकावेत. सर्व सांधे डाख देऊन पक्के करण्याची चूक होऊ देऊ नये. सांधा मोकळा राहू द्यावा आणि वीज प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र तारेने द्यावी.

प्रत्येक सांध्यावरून बोटाचे नख आतल्या बाजूने फिरवावे. नख अडले तर चाकही अडेल. तिथे बारीक कानस फिरवून कड गुळगुळीत करावी.

वीज

एका इंजिनाच्या लेआउटसाठी १२ व्होल्टचा साधा डीसी कंट्रोलर पुरेसा आहे. डिजिटल पद्धतीचा विचार दुसरे इंजिन आल्यावर करता येतो. पुढच्या रुळाला लाल, मागच्या रुळाला काळी तार असा नियम ठरवून फळीखालून दोन मुख्य तारा न्याव्यात आणि प्रत्येक रूळतुकड्याला बारीक तारेने जोडाव्यात. डाख देताना दोन्ही बाजूंच्या स्लीपरवर ओल्या कापसाचे बोळे ठेवले की प्लास्टिक वितळत नाही. २५ वॅटचे सोल्डरिंग आयर्न, रोझिनयुक्त डाख आणि तारा सीताबर्डीतील इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळतात. घरातील २३० व्होल्टची वीज फळीखाली येऊ देऊ नये. ॲडॉप्टर भिंतीवरच्या सॉकेटपाशीच राहावा.

यानंतर थांबावे. गिट्टी टाकण्याची घाई न करता निदान दोन आठवडे उघड्या रुळांवर शंटिंग करावे, सर्वांत हळू वेगाने प्रत्येक फाट्यावर जाऊन पाहावे आणि जिथे डबा घसरतो तिथे पेन्सिलने खूण करावी. डबा वारंवार घसरत असेल तर बहुधा तो फार हलका असतो, आणि तळाशी एखादा लोखंडी वॉशर चिकटवल्यावर शांत होतो. गोंदाने गिट्टी बसल्यानंतर हीच दुरुस्ती दसपट कष्टाची होते.

जमीन, गवत आणि झाडे

या टप्प्यावर लेआउट नागपूरचा होतो, आणि मला हा भाग सर्वांत प्रिय आहे. परदेशी दुकानांतील हिरवेगार गवताचे गालिचे आपल्या भूमीला शोभत नाहीत. प्रथम एक ऋतू ठरवावा. फेब्रुवारी-मार्च निवडला तर गवत पिवळे, माती कोरडी आणि पळस फुललेला असतो, आणि छोट्या लेआउटवर असे एक पळसाचे झाड सगळी नजर वेधून घेते.

माती खरीच वापरावी. शेताकडची काळी माती आणि मुरूम आणून आधी तव्यावर कडक भाजावा, म्हणजे ओल, अळ्या आणि वाळवीची भीती जाते. मग मैद्याच्या चाळणीतून आणि नंतर पातळ कापडातून गाळावे. गाळलेल्या मातीवरून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले चुंबक दोन-तीनदा फिरवणे अत्यावश्यक आहे. आपल्या काळ्या पाषाणापासून झालेल्या मातीत लोहकण असतात, आणि ते इंजिनाच्या मोटरमधील चुंबकाला चिकटून यंत्र खराब करतात.

गिट्टीसाठी खडीचा बारीक चुरा अर्ध्या ते पाऊण मिलिमीटरपर्यंत चाळावा, कारण प्रत्यक्षातली ६५ मिलिमीटरची गिट्टी या प्रमाणात एवढीच होते. नॅरोगेजच्या यार्डात रूळ बरेचदा मातीत बुडालेले दिसत, म्हणून निम्मी गिट्टी आणि निम्मा मुरूम असे मिश्रण जास्त खरे वाटते. ते मऊ ब्रशने स्लीपरच्या मध्ये पसरावे, पाण्याचा बारीक फवारा मारावा आणि समान प्रमाणात पाणी घातलेल्या फेविकॉलमध्ये भांडी घासायच्या द्रवसाबणाचा एक थेंब टाकून ते ड्रॉपरने सोडावे. साबणामुळे पाणी गोळा न होता आत झिरपते. पॉइंटच्या हलणाऱ्या पात्यांजवळ एकही कण राहू देऊ नये. पूर्ण एक दिवस वाळू द्यावे आणि त्या दिवशी कूलर बंद ठेवावा.

वाळलेल्या गवतासाठी सुतळी उलगडून दोन-तीन मिलिमीटरचे तुकडे करावेत आणि गोंदावर शिंपडावेत. तुळशीच्या सुकलेल्या फांद्या झाडांच्या सांगाड्यासाठी उत्तम असतात, कारण त्यांची फांद्यांची विभागणी नैसर्गिकच बारीक असते. त्यांवर रंगवलेल्या स्पंजाचा चुरा चिकटवला की कडुनिंब किंवा बाभूळ तयार होते. १२ मीटरचे खरे झाड १४ सेंटीमीटर भरते आणि आपल्या फळीवर ते सगळे झाकून टाकते, त्यामुळे ८-१० सेंटीमीटरवर थांबावे. मागे फिकट, धुळकट निळ्या रंगाचा साधा पुठ्ठा लावावा, त्यावर ढग काढू नयेत.

इमारती

स्थानकाची इमारत एक मिलिमीटर जाडीच्या माउंटबोर्डातून कापावी. प्रत्येक तुकड्याला दोन्ही बाजूंनी लाखेचे पॉलिश दिले तर दमट हवेत तो वाकत नाही. पन्हाळी पत्र्याच्या दोन नागमोडींतील खरे अंतर साधारण ७६ मिलिमीटर, म्हणजे मॉडेलमध्ये ०.९ मिलिमीटर. ॲल्युमिनियम फॉइलवर बारीक दातांच्या कंगव्याच्या आधाराने रेघा ओढून तसा पत्रा करता येतो. पिवळ्या फलकावर काळ्या अक्षरांत मराठी, हिंदी आणि इंग्रजी नाव आणि खाली समुद्रसपाटीपासूनची उंची, एवढा फलक लावला की पाहणाऱ्याला आपण भारतात आहोत हे सांगावे लागत नाही. मालधक्क्यावर कापसाचे गठ्ठे आणि संत्र्यांच्या पेट्या ठेवाव्यात, पण थोड्याच. शेवटी सर्व इमारतींवर आणि डब्यांवर तपकिरी व राखी खडूची पूड कोरड्या ब्रशने फिरवावी आणि मॅट वॉर्निशने पक्की करावी.

उन्हाळा आणि पावसाळ्यातील निगा

लेआउट वापरात नसताना त्यावर सुती चादर असावी. धूळ साचलेल्या रुळावर कूलरची ओल बसली की काळा थर धरतो आणि इंजिन झटके देते. तो थर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापडाने पुसावा, सँडपेपर कधीही वापरू नये, कारण त्याचे ओरखडे पुढे जास्त घाण धरतात. मार्चच्या शेवटी सर्व सांध्यांच्या फटी तपासाव्यात आणि एखादी गोंदाने भरली असेल तर पातळ करवतीच्या पात्याने मोकळी करावी. जूनमध्ये पहिला पाऊस स्थिरावल्यावर पॉइंट पुन्हा हलवून पाहावेत, चौकटीचे स्क्रू आवळावेत आणि फळीच्या खालच्या बाजूला बुरशी किंवा वाळवीची माती दिसते का ते टॉर्च लावून बघावे. एक उन्हाळा आणि एक पावसाळा या निगराणीत पार पडला आणि सांधे जागेवर राहिले, म्हणजे याच उंचीची दुसरी फळी शेजारी बोल्टने जोडून मार्ग पुढच्या स्थानकाकडे नेण्यास हरकत नाही.